पैसे फिटेपर्यंत

अक्षर वाईट आहे, ते आधीच सांगते. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि तीही सुटून चाळीस वर्षं होत आली. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे ते मला कधीच नीट कळलं नाही. जोडाक्षर आलं की हात अडतो. मासे कापून बोटंही जाड झालीत. ही वही मुलीच्या कॉलेजची उरलेली, मी ती तांदळाच्या डब्यामागे ठेवते. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलीच तर चुकांचा राग धरू नये.

दाजींना जाऊन दिवाळीला वर्ष झालं. बाजारात त्यांचं नाव निघालं की बायका दोन गोष्टी बोलतात. दारू पीत होते आणि आमचे पैसे खाल्ले. दोन्ही खरं आहे. पण मी त्यांना वीस-बावीस वर्षं रोज बघितलं, आणि त्यांच्याबद्दल एवढंच उरावं हे मला बरं वाटत नाही. शिवाय यात मी बोललेलं एक वाक्य आहे. ते मला किती जड झालं हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

दाजी म्हणजे आमच्या मासळीबाजारात येणारे पिग्मीवाले. एका पतसंस्थेसाठी ते रोज बायकांकडून दहा-वीस रुपये गोळा करायचे आणि प्रत्येकीच्या कार्डावर लिहायचे. उंच, जरा वाकलेले, सायकल हातात धरून चालणारे. सायकलवर बसलेलं मी त्यांना क्वचितच बघितलं. विचारलं तर म्हणायचे, "बसलंय तर लोक बोलूचे रवतत." आणि खरंच, भेटेल त्याच्याशी बोलत घरापासून बाजारापर्यंतच्या पाऊण मैलाला त्यांना तासभर लागायचा.

मासे ते खायचे, पण हात लावायचे नाहीत. नोट घेताना दोन बोटांनी धरून आधी तिच्यावर फुंकर मारायचे. माझ्या शेजारी बसणारी मंदा त्यांना चिडवायची.

"दाजी, नोटेक बांगड्याचो वास येता काय ओ?"

"येता मगे. वास इलो म्हणजे नोट खरी. बिनवासाच्या नोटेचो माका भरवसो नाय."

"आणि आमचो?"

"तुमचो वास रस्त्यारसून येता. तेका नोट कित्याक होयी?"

बायका शिव्या घालायच्या आणि वीस रुपये काढून द्यायच्या. त्यांच्याकडे पैसे देताना जीव हलका व्हायचा. घरातले पुरुष मागायच्या आत ते सुरक्षित जागी गेले, असं वाटायचं.

पण गावात दाजींचा खरा मान होता तो गाऱ्हाण्याचा. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना एक जण देवापुढे उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते सगळ्यांनाच जमतं असं नाही. काही जण पाठ केल्यासारखं बोलतात. दाजी समोरचा माणूस बघून बोलायचे. माझ्या दिराने नवी होडी पाण्यात घातली तेव्हा नारळ हातात धरून त्यांनी म्हटलेलं मला आठवतं :

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरान नवी होडी पाण्यात सोडल्यान हा. तेका वाऱ्यावावटळीतसून सांभाळ. जाळ्याक मासळी दी, इंजिनाक बरी बुद्धी दी, आणि डिझेलवालो उधारी मागूक इलो तर तेका हसतमुखान मागूक शिकव!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने डिझेलवालाच ओरडला. तो तिथेच उभा होता.

आणखी एकदा, एका घरात दोघी जावा वर्षभर बोलत नव्हत्या. त्यांच्या सासऱ्याच्या श्राद्धाला दाजींना बोलावलं होतं. दाजींनी गाऱ्हाण्यात पाऊस आणला, भात आणला, मुंबईची मुलं आणली, आणि शेवटी आवाज खाली करून म्हणाले, "आणि म्हाराजा, ह्या घरात दोन चुली पेटतत. एका चुलीवरचा सार दुसऱ्या चुलीवरच्या भाताक भेटणा नाय. तेंची भेट घडव." आता देवापुढे नाही कसं म्हणायचं? दोघीही पदर डोक्यावर ओढून "व्हय म्हाराजा" म्हणाल्या. त्या दिवशी वाढायला दोघी एकत्र उठल्या.

दुसऱ्याची चूक, दुसऱ्याची लाज, दुसऱ्याचं दुखणं त्यांना असं सांगता यायचं की ऐकणाऱ्याला लागायचं नाही. स्वतःबद्दल मात्र मी त्यांना कधी काही बोलताना ऐकलं नाही. ताप आला तरी "बरा आसा."

दारू कधी सुरू झाली ते मला माहीत नाही. त्यांची बायको, सुमनकाकी, सांगायची की आधी संध्याकाळीच घ्यायचे. मग त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली दिसू लागली आणि तोंडात सतत लवंग. आम्ही बघत होतो. लवंगेचा वास कशावर असतो ते न कळण्याएवढ्या आम्ही खुळ्या नव्हतो. पण दाजींना कोण बोलणार?

मंदाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा ते उघडं पडलं. मंदाने तिची सगळी पिग्मी मागितली. दाजी म्हणाले, मशीन बंद आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, साहेब रजेवर आहेत. चौथ्या दिवशी मंदा मला घेऊन पतसंस्थेत गेली, कारण आम्हा दोघींत वाचता मला येतं. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरवर बघितलं. कार्डावर होते त्याचा तिसरा हिस्साही जमा नव्हता.

आम्ही परत आलो तेव्हा दाजी बाजाराबाहेर बदामाच्या झाडाखाली बसले होते. आमची तोंडं बघून उभे राहिले.

मंदा म्हणाली, "दाजी, माझे पैसे खंय?"

"माझ्याकडेच आसत," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नाय. माझ्याकडे पण नाय."

मंदा मटकन खाली बसली. ती ओरडली असती तर दाजींना बरं वाटलं असतं. त्यांनी पिशवी तिच्यापुढे ठेवली, सायकल तिथेच सोडली आणि चालत घरी गेले.

सतरा जणींचे पैसे होते. त्यात माझेही होते. पतसंस्थेने हात वर केले, म्हणाले, आमच्याकडे जमाच नाहीत तर आम्ही काय देणार. केस झाली. कोर्टाने दाजींना सोडलं, पण दोन अटी घालून. बायकांचे पैसे हप्त्याने परत करायचे, आणि दारू सोडवण्यासाठी ओरोसला जिल्ह्याच्या दवाखान्यात उपचार घ्यायचे.

त्याआधीच गावाची बैठक देवळात बसली होती. पुरुष मध्ये, आम्ही बायका खांबाजवळ. दाजी दाराशी खाली मान घालून. एक जण म्हणाला घर विकायला लावा. एक म्हणाला वाळीत टाका. एका तरण्याने चपलांची माळ घालायची गोष्ट काढली. सगळे तापले होते. थोरल्या मानकऱ्यांनी हात वर करून गप्प केलं आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "पैसे बायकांचे गेले. बायकांका विचारा. शालन, तू गो. तू शिकलेली, तू सांग."

मी चौथी शिकलेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, काहीतरी लहानसं सांगावं म्हणजे हे मोठे काही करणार नाहीत. मी म्हटलं, "पैसे फिटापर्यंत दाजीनी गाऱ्हाणा घालूचा नाय. देवासमोर उभ्या रवान बोलूचा नाय."

एवढंच बोलले. आयुष्यात चार माणसांत मी बोलले ते तेवढंच. मानकरी म्हणाले, बरोबर आहे. सगळ्यांना पटलं. घर वाचलं, माळ वाचली. मला वाटलं, सगळ्यात हलकी शिक्षा मी सांगितली. दाजींनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. जसं काही मी त्यांना नेमकं ओळखलं होतं.

पहिल्या वेळी ओरोसला जाताना सुमनकाकीने मला सोबत नेलं. ती कचेरीला, दवाखान्याला घाबरते. कसालला गाडी बदलून गेलो. दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दवाखान्यात एका खोलीत आठ-दहा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. समुपदेशन करणाऱ्या मॅडम तरुण होत्या, बोलणं गोड. आम्हाला दाराजवळच्या बाकावर बसवलं. एकेक माणूस स्वतःबद्दल बोलत होता. रेडीकडचा एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, मी बायकोचा हात मोडला, आणि रडायला लागला.

मग दाजींची पाळी आली. ते उठून उभे राहिले. बाकी कुणी उभं राहिलं नव्हतं. हात जोडले आणि शुद्ध भाषेत सुरू केलं. "या माणसाने सतरा बायकांचा विश्वास मोडला. त्या पहाटे उठून लिलावाला जातात, उन्हात बसतात. त्यांनी याच्याकडे पोटाचं काढून दिलं. याने ते एका बाटलीत घातलं." काय बोलले ते! सुमनकाकी डोळे पुसत होती.

मॅडम म्हणाल्या, "कुणी घातलं, दाजी?"

"याने."

"'मी' म्हणून सांगता येईल का? सगळं नको. एकच वाक्य."

दाजी म्हणाले, "मी." आणि थांबले. पंखा फिरत होता. मॅडम वाट बघत होत्या, त्यांना काही घाई नव्हती. शेवटी म्हणाले, "मी पाणी पिऊन येतो."

अर्ध्या तासाने ते आम्हाला एस.टी. स्टँडवर सापडले.

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. कसाल यायच्या आधी माझ्याकडे न बघता म्हणाले, "थंय गोल करून बसतत गो शालन. एकेकान बोलूचा, बाकीच्यांनी आयकूचा. माका वाटला देवळातच इलंय. आणि माका तर बंदी आसा."

त्यांनी खिडकीची काच ओढून घेतली.

"पैसे फिटांदेत. मगे बघ, पयल्यापासून सगळा सांगतलंय. आता खंयच्या तोंडान बोलू?"

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की दाजी, ती बंदी देवळातली. दवाखान्याची नाही. आणि ती मी घातली, मीच काढते. शब्द तोंडात आले होते. तेवढ्यात कंडक्टर आला, मी सुटे पैसे शोधत बसले, आणि मग कसाल आलं.

त्यानंतर ते ओरोसला गेले ते सही करायला. कोर्टाचा कागद होता म्हणून. खोलीत बसायचे नाहीत. मॅडमनी गोळ्या दिल्या तर घ्यायचे, दोन दिवस खायचे, मग पिशवीत तशाच. कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पैसे फिटले की."

पैसे मात्र त्यांनी फेडले. असं फेडलेलं मी कुणाला बघितलं नाही. ज्या माणसाने माशाला हात लावला नव्हता तो बर्फ फोडायला लागला, पाट्या उचलायला लागला, जाळी शिवायला बसला. दर रविवारी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून बाजारात यायचे आणि ओळीने एकेकीपुढे वाकून पैसे ठेवायचे. मंदापासून सुरुवात. तिचे सगळ्यात आधी फेडले, मुलीच्या शिक्षणासाठी. मला म्हणाले होते, "तुझे शेवटाक ठेवतंय. चलात मां?" मी हो म्हटलं.

रविवारी ते प्यायलेले नसायचे. त्यामुळेच घोळ झाला. बायका म्हणायच्या, "रविवारी सुटता तर सोमवारी कशी सुटणा नाय? नाटका सगळी." पैसे मोजताना त्यांचे हात कापायचे, घाम फुटायचा. आम्हाला वाटायचं लाजेने होतं. लाज वाटायलाच हवी, असं पण वाटायचं. कुणी टोमणा मारायची, "मोजूक येता ना अजून?" ते हसायचे आणि पुढच्या पाटीकडे जायचे. खरं तर तो एक दिवस अंगावर काढून ते सोमवारी दुप्पट प्यायचे.

हे मला मॅडमनी सांगितलं. त्यांच्याकडे माझा नंबर होता. एकदा फोन आला. "शालनताई, दाजींना असं एक दिवस बंद, सहा दिवस भरपूर, हे फार धोक्याचं आहे. त्यांना इथे तीन आठवडे राहायला हवं. ते म्हणतात पैसे फिटल्याशिवाय नाही. तुम्ही बायका मिळून त्यांना सांगाल का, की दोन-तीन महिने पैसे नकोत, आधी बरे व्हा? माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील."

मी बाजारात सांगितलं. दोघी-तिघींना पटलं. बाकीच्या म्हणाल्या, "बरो होवन मुंबयक पळालो तर?" मंदाचे तर फिटले होते, तरी ती म्हणाली, "दारू सोडूक तेका पैसे लागणत नाय. आमका जगूक लागतत." त्यांचंही चूक नव्हतं. त्या वर्षी माझ्या स्वयंपाकघरावरचे पत्रे गेले होते. मी पुन्हा विषय काढला नाही. रविवारी दाजी आले, माझ्यापुढे पैसे ठेवले आणि मी ते घेतले.

मॅडमना मी फोन करून काहीच कळवलं नाही. त्यांचा पुन्हा आला तेव्हा उचलला नाही.

नारळी पौर्णिमेला गाऱ्हाणं आता मानकऱ्यांचा पुतण्या घालतो. बरा आहे, पण सगळ्या होड्यांना एकच बोलतो. बंदीच्या तिसऱ्या वर्षी सगळे वाळूत जमले होते आणि दाजी लांब, ओढून ठेवलेल्या एका जुन्या होडीच्या मागे उभे होते. मी नारळाच्या करंज्या वाटत तिकडे गेले. त्यांचे ओठ हलत होते. इकडे पुतण्या थांबला की तेही थांबत. मला बघून गप्प झाले आणि म्हणाले, "माका नको गो करंजी. अजून फिटूक नाय."

"दाजी, करंजेक कसली बंदी?" मी म्हटलं.

तेव्हा हसले. घेतली. पण खाल्ली नाही, कागदात बांधून खिशात घातली.

चार वर्षं गेली. त्यांचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले. पोट पुढे आलं आणि हात काडीसारखे. पाट्या उचलणं सुटलं तेव्हा जाळी शिवून आणि सायकल विकून हप्ता दिला. सुमनकाकी पाया पडली त्यांच्या, दवाखान्यात चला म्हणून. ते म्हणाले, "थोडे ऱ्हवले. चोर म्हणान जावचा नाय माका थंय. मोकळो होवन जातंय."

पुढचं आधी लिहून टाकते, म्हणजे ते शेवटी लिहावं लागणार नाही. दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी त्यांना रक्ताची उलटी झाली. गाडी करून ओरोसला नेलं. पण त्या खुर्च्यांच्या खोलीत नाही, दुसऱ्या वॉर्डात. मॅडम खाली बघायला आल्या. दाजींना शुद्ध नव्हती. मॅडम माझा हात धरून उभ्या राहिल्या, मला रागावल्या नाहीत. फोनचंही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. बुधवारी दाजी गेले.

त्या सोमवारच्या आदल्याच दिवशी, रविवारी, ते बाजारात आले होते. चपला पायात शिरत नव्हत्या म्हणून अनवाणी. पण दाढी केलेली आणि शर्ट धुतलेला. बाकी सगळ्यांचे फिटले होते, फक्त माझे थोडे राहिले होते, म्हणून ते सरळ माझ्याकडेच आले. मी त्यांना बसायला बर्फाचा रिकामा खोका दिला. ते बसले, दम घेतला, आणि वरच्या खिशातून रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या. नोटेवर फुंकर मारण्याएवढा श्वास नव्हता.

"मोजून घे."

"ऱ्हवांदे दाजी. बरोबरच आसतले."

"नाय. मोज. माझ्यासमोर मोज."

मी मोजले. हळूहळू, त्यांना ऐकू जाईल असे. एकही नोट कमी नव्हती.

"पुरे?"

"पुरे."

"कोणाचाच काय ऱ्हवूक नाय?"

"कोणाचाच नाय, दाजी."

त्यांनी रिकामा रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग विचारलं, "ओरोसाक गाडी कितीची आसा आता?"

"आज रविवार. मॅडम नसतत आज."

"बरा. मगे उद्या जातंय."

खोक्याला धरून उठले. मी हात द्यायला गेले, तो त्यांनी घेतला नाही. एका बाजूने भिंतीला धरत ते बाजाराच्या दारापर्यंत गेले. तिथे जरा थांबले, उन्हाला डोळे मिटले आणि रस्त्याला लागले.

मंदा सुरी पुसत माझ्याकडे वळली. "फिटले मां गो सगळे?"

मी नोटा पदराच्या टोकाला बांधल्या. "फिटले," मी म्हटलं.